तळ्यात जिताडा सोडायचा की रोहू?

पाऊस तोंडावर आला की आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, हा प्रश्न घरोघर निघतो. तळं उपसून झालेलं असतं, बांध चोपून झालेला असतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, "यंदा जिताडाच सोडू, त्याला भाव आहे." दुसरा म्हणतो, "रोहू-कटला बरा, डोक्याला ताप नाही." दोघांचंही खरं असतं. हा निर्णय नुसत्या भावावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही मासे गोड्या पाण्यात वाढत असले तरी एक त्या पाण्यात पाहुणा आहे आणि दुसरा घरचा. तळ्यातली बरीचशी कामं या फरकातूनच निघतात.

जिताड्याचा जन्म गोड्या पाण्यात होतच नाही. मादी अंडी घालते ती खाडीच्या मुखाशी, जिथे लिटरभर पाण्यात 28 ते 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे जवळपास समुद्रच. पिल्लं उधाणाच्या भरतीबरोबर आत येतात, तिवरांच्या मुळांत आणि चिखलाच्या डबक्यांत लपतात, आणि पावसाचं पाणी भरलं की ओढ्या-नद्यांतून वर सरकतात. काही वर्षं तिथे खाऊन-पिऊन मोठे झाले की अंडी-पिल्लांसाठी परत खाली खाऱ्या पाण्याकडे निघतात. हा मासा आधी नर असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नर म्हणून वयात येतो, आणि साधारण सहा ते आठ वर्षांचा झाला की त्याची मादी होते. आपल्या तळ्यातल्या दीड-दोन किलोच्या जिताड्यात गाभोळी (अंडी) का सापडत नाही, याचं उत्तर यात आहे. तो मादी होण्याच्या वयाला पोचलेलाच नसतो.

रोहू, कटला आणि मृगळ यांना समुद्र ठाऊकच नाही. गंगेसारख्या मोठ्या नद्यांचे हे मासे. पुराचं पाणी चढलं की नदीच्या नदीतच वर जातात, उथळ पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात आणि पुन्हा नदीच्या खोल डोहात येतात. प्रवास आहे, पण मिठाची सीमा ओलांडायची नाही. जून-जुलैत कापलेल्या मोठ्या मादी रोहूत गाभोळी हमखास मिळते. तरीही ती तळ्यात अंडी घालत नाही, कारण तिला वाहता पूर लागतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी मिळवली, आणि तेव्हापासून नदीवर अवलंबून राहण्याचं कारण उरलं नाही. जिताड्याच्या बाबतीत आपल्याकडे हे बरंच उशिरा जमलं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त जागेत त्याची पैदास केली. त्याआधी खाडीत पागून आणलेली पिल्लं तळ्यात सोडायची, एवढाच रस्ता होता.

आता एकाने जायचं आणि दुसऱ्याने राहायचं, असं का झालं असावं? 1988 मध्ये ग्रॉस, कोलमन आणि मॅकडॉवल या तिघा शास्त्रज्ञांनी याचा एक साधा हिशेब मांडला: मासा जातो तो खाण्याच्या मागे. थंड प्रदेशात समुद्रात अन्न जास्त आणि नद्या उपाशी, म्हणून सामन मासा नदीत जन्मून समुद्रात चरायला जातो. उष्ण प्रदेशात उलटं, नद्या आणि पाणथळी भरलेल्या, म्हणून जिताड्यासारखा मासा समुद्रात जन्मून चरायला आत येतो. मला हे पटतं, पण सगळ्यांना लागू होत नाही. आपला पाला मासा (हिलसा) उष्ण प्रदेशातलाच, तरी तो समुद्रातून नदीत चढतो अंडी घालायला. जिताड्यातही सगळे सारखे नसतात. माशाच्या कानातल्या खड्यात त्याने कुठल्या पाण्यात दिवस काढले त्याची खूण साठत जाते, आणि ऑस्ट्रेलियातल्या जिताड्यांचे असे खडे तपासल्यावर दिसलं की काही जण गोड्या पाण्यात कधी आलेच नव्हते.

ये-जा करायची तर शरीरही तसं लागतं. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. गोड्या पाण्यात बाहेरचं पाणी अंगात शिरत राहतं आणि मीठ निसटत राहतं, म्हणून मासा सतत पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी मीठ ओढून घेतो. समुद्रात सगळं उलट: पाणी प्यायचं आणि कल्ल्यांनी मीठ बाहेर टाकायचं. जिताडा हे दोन्ही करू शकतो. रोहूला फक्त पहिलं जमतं. लिटरला पाच-सहा ग्रॅमच्या वर मीठ गेलं की ती खाणं सोडते, अंगावर श्लेष्मा धरते, आणि त्याहून वाढलं की मरायला लागते.

खारेपाटातल्या तळ्यांत ही गोष्ट पुस्तकापुरती राहत नाही. मे महिन्यात पाणी आटतं, बांधाखालून खारं पाझरतं, एखाद्या उधाणाला उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) नीट बसत नाही आणि रात्रीत खाडी आत येते. असं तळं असेल तर मी रोहूच्या नादाला लागू नका म्हणेन. जूनमध्ये सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ऐन विक्रीच्या वेळी, पाणी सर्वात खारं असताना हातची जाते.

पण जिताड्याची खरी किंमत खाण्यात आहे, आणि इथेच लोक फसतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरते. शेणखत, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड यावर त्यांचं भागतं, आणि वर्षभरात किलोच्या आसपास मासा होतो. जिताडा शिकारी आहे. पूर्वी उघाडीतून आपसूक आत येणारी कोलंबी, बोय, निवटी यांवर तो पोसला जायचा, तळंही मोठं आणि मासे मोजकेच. दाट सोडायचा तर त्याला मासळीच घालावी लागते, आणि किलोभर जिताड्यामागे चार-पाच किलो किंवा त्याहून जास्त मासळी जाते. गोळी खाद्य द्यायचं तर त्यात 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं हवीत, म्हणजे ते पेंडीपेक्षा कितीतरी महाग.

आणि तो आपल्याच भावंडांना खातो. आम्ही पहिल्यांदा बी, म्हणजे सोडायची पिल्लं, आणलं तेव्हा विकणाऱ्याने लहान-मोठी पिल्लं एकत्रच बांधून दिली होती. पाचशे मोजून हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, सोडली. आठवड्याने सकाळी हापा उचलला तर एक पिल्लू वाकडं पोहताना दिसलं. हातात घेतलं, तेव्हा त्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली, अजून हलत होती. महिन्याअखेर दीडशेही उरली नाहीत. जिताडा स्वतःच्या निम्म्याहून लांब पिल्लू गिळतो हे तेव्हा माहीत नव्हतं. आता चार-पाच दिवसांनी पिल्लं काढून लहान-मोठी वेगळी करतो, बोटभर-दीड बोटभर होईपर्यंत. हे काम चुकवता येत नाही. घरात रोज हजर राहणारा माणूस नसेल तर जिताडा घेऊ नका. बाजारात त्याला रोहूच्या कितीतरी पट भाव मिळतो, तो या राबण्याचाही आहे.

उलट डोंगराकडेला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल, पाणी बारमाही गोडं असेल, तर रोहू-कटला-मृगळ डोळे मिटून घ्या. ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर ताजं पाणी सोडा, एवढी नजर पुरे. तिथे जिताडा जगेल, पण त्याचं खाणं तुम्हाला रोज गाडीने वर न्यावं लागेल.

दोन्ही एकत्र सोडू का, असं पुष्कळजण विचारतात. बोटभर रोहूबरोबर जिताडा म्हणजे त्याला वाढलेलं ताट. तळ्यात चिलापीने (तिलापिया माशाने) उच्छाद मांडला असेल तर मात्र थोडे जिताडे जरूर सोडा. चिलापीची पिल्लं ते साफ करतात. फक्त रोहू आधी पाव किलोच्या पुढे गेलेली असावी आणि जिताडा हाताच्या बोटाएवढा.

ठरवण्याआधी एक काम करा. मे महिन्याच्या शेवटच्या अमावस्येनंतर, उधाण उतरल्यावर, तळ्याच्या तळाजवळचं पाणी बाटलीत घ्या. वरचं नको, खारं पाणी जड असल्याने खाली बसतं. ओळखीच्या कोलंबीवाल्याकडे खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी छोटी नळी असते. तिच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरली की निळी-पांढरी रेघ दिसते. रेघ पाचाच्या (लिटरला पाच ग्रॅम मिठाच्या) वर असेल तर जिताड्याचं बी सांगून ठेवा. दोनाच्या खाली असेल तर रोहू. मधे कुठेतरी असेल तर बांध कुठून पाझरतो ते आधी शोधा.