एका हाताने हाय-हॅट वाजवायचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल

हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, एका हाताने सोळाव्या नोट्स (एका बीटमध्ये चार ठोके) वाजवताना माझा हात ८५ बीपीएमच्या (मिनिटाला ८५ बीट्स) पुढे दगडासारखा व्हायचा, कोपरापर्यंत आखडायचा, म्हणून हा सहा आठवड्यांचा कोर्स घेतला आणि खरं सांगू का, पैसे वसूल झाले.

सगळ्यात भारी भाग म्हणजे पुश-पुलचा. मनगट खाली गेलं की काठीचा खांदा (टोकामागचा निमुळता भाग) हाय-हॅटच्या कडेवर पडतो आणि मनगट वर येताना बोटांनी काठी आत ओढली की टोक वरच्या बाजूला लागतं, म्हणजे हाताच्या एकाच हालचालीत दोन ठोके, एक जाड एक बारीक, आणि तो जो डोलणारा आवाज येतो ना तो तिथूनच येतो. १०० बीपीएमला मिनिटाला ४०० ठोके होतात, नुसत्या मनगटाने मारायला गेलात तर दुखणारच! अंगठा आणि तर्जनीमधली पकड सैल ठेवायची, बाकीची बोटं काठीला चिकटून. हे त्यांनी अगदी जवळून, स्लो मोशनमध्ये दाखवलंय, मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल.

एक तक्रार आहे. चौथ्या आठवड्यात एकदम २० बीपीएमची उडी मारलीये, ती चुकीचीच आहे. मी आपला मेट्रोनोम (लय धरून टिकटिक करणारं यंत्र) दोन-दोनने वाढवत गेलो, दुखलं की लगेच थांबलो. फूट पेडलवर तर जेमतेम पाच मिनिटं दिलीत.

आता ९६ ला दोन मिनिटं सलग वाजतंय, हात मोकळा राहतो. अगदी नवीन असाल तर आधी साधे आठवे ठोके (एका बीटमध्ये दोन) पक्के करा, मगच घ्या.