एमजीए 1500चं इंजिन उघडलंय, पार्ट यूकेचे मागवायचे की अँबीचे टाकायचे?

1955ला आलेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) 1489 सीसी बी-सिरीज इंजिन होतं आणि त्याच घराण्यातलं 1489 सीसी आपल्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं, म्हणून मुंबईत पार्ट घ्यायला ऑपेरा हाऊसला नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "अँबीचं टाका ना शेठ, काय फरक पडतो?" पडतो, पण सगळीकडे नाही.

वॉटर पंप, टायमिंग चेन, संपचं (इंजिनाखालच्या ऑइल पॅनचं) पॅकिंग असलं बाहेरून बदलता येणारं सामान मी अँबीचंच बघतो. जुना पार्ट सोबत न्यायचा, काउंटरवर शेजारी ठेवून भोकं जुळवायची, जुळली तर घ्यायचं. चुकलंच तर एका रविवारात परत खोलता येतं.

पिस्टनला मात्र हे चालत नाही. एमजीएचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) 8.3, अँबीचं त्याहून कमी, त्यामुळे तिचे पिस्टन टाकलेत तर गाडी दिसायला एमजी आणि पळायला कलकत्त्याची टॅक्सी. हेडचंही तेच, एमजीएचंच ठेवा. फक्त एक्झॉस्टला हार्ड व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, व्हॉल्व्ह सीटला जपणारं शिशाचं पेट्रोल 2000 सालीच बंद झालंय.

पण यूकेचं म्हणजे डोळे मिटून टाका असंही नाही हां. कुरियर, कस्टम ड्युटी, वाट बघणं हे सगळं करून आलेला रिवेटवाला नवीन रोटर आर्म (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगांना करंट वाटणारा तुकडा) जुन्यापेक्षा आधी मेलेला मी पाहिलाय. जुना चांगला असेल तर फेकू नका.

पिस्टन रिंग कुठलीही घ्या, मोजून घ्या. मी एकदा इथल्या एका दुकानातून सेट आणला, पॅकिंग झकास, रिंग बोअरमध्ये सोडली, पिस्टनने ढकलून सरळ केली आणि फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर रिंगच्या दोन टोकांमधला गॅप चक्क 25 थाऊ, म्हणजे इंचाचे 25 हजारांश! हवा 8 ते 13. उस्ताद म्हणाला चालेल, मी म्हटलं नाही चालणार, आणि सेट परत.

मागच्या मेन बेअरिंगकडून थोडं ऑइल गळतं, ते कुठलेही पार्ट टाकले तरी गळणारच, तिथे रबरी सीलच नाहीये.

आणि पावसाळ्यात बोअर मारून आणलेला ब्लॉक त्याच संध्याकाळी ऑइलने पुसून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आपल्या हवेत सकाळपर्यंत गंजून भगवा होतो.