वायरगार्ड की ओपनव्हीपीएन: ऑफिससाठी कोणतं घ्यावं?

चाळीसेक माणसं, ऑफिसात एक लिनक्स सर्व्हर, त्यावर फाइल शेअर आणि अकाउंट्सचं सॉफ्टवेअर, आणि घरून काम करणाऱ्यांना आत घ्यायचंय. अशा ठिकाणी व्हीपीएन लागतं, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा एन्क्रिप्टेड रस्ता. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन ही त्यासाठीची दोन सॉफ्टवेअर. त्यातलं कोणतं, हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याने स्पीड टेस्टचे आकडे बहुतेक वेळा आधीच बघून ठेवलेले असतात. माझं मत वेगळं आहे. माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचा प्रवेश कोण बंद करणार आणि तुमची माणसं कुठल्या नेटवर्कवरून जोडणार, हे आधी बघा. वेग त्यानंतर.

वेगाचं उरकून टाकतो. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्येच (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) दाखल झालं, त्यामुळे एन्क्रिप्शन कर्नलमध्येच होतं. २००१ पासून चालत आलेलं ओपनव्हीपीएन युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखं) चालतं, म्हणजे प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) कर्नलबाहेर जाऊन परत यायचा हेलपाटा. आवृत्ती २.६ मधल्या डीसीओमुळे (पॅकेटचं काम कर्नलमध्येच उरकणारी सोय) तो वाचतो आणि फरक बराच कमी होतो. घरी १०० एमबीपीएसची लाइन आणि ऑफिसात बरा सर्व्हर असेल, तर अकाउंट्सवाल्यांना फरक कळणारही नाही. रास्पबेरी पाय ४ सारख्या, एईएस या एन्क्रिप्शनची सोय हार्डवेअरमध्ये नसलेल्या छोट्या डब्यावर मात्र वायरगार्ड सरळ पुढे जातं.

प्रवासात वायरगार्ड मला फार आवडतं. डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप उघडून बसा. घाटातले बोगदे लागले की रेंज जाते, येते, पुन्हा जाते. वायरगार्डमध्ये ‘कनेक्शन तुटलं’ असं काही होतच नाही. रेंज आली, ओळखीच्या एन्क्रिप्शन किल्लीने सही झालेलं पॅकेट कुठल्याही आयपीवरून आलं, की सर्व्हर उत्तर तिकडे पाठवू लागतो. उघडं ठेवलेलं एसएसएच (सर्व्हरला दुरून कमांड द्यायचं) सेशनही बहुतेक वेळा जिथल्या तिथे सापडतं. ओपनव्हीपीएनही आयपी बदलला तर सांभाळून घेतं, पण रेंज जरा जास्त वेळ गेली की त्याचा कीपअलाइव्ह (पलीकडे कुणी आहे का हे तपासायची मुदत) संपतो, हँडशेक (एकमेकांची ओळख पटवणं) पहिल्यापासून, आणि ओटीपी लावला असेल तर बऱ्याचदा तोही पुन्हा.

उलट बाजूही तितकीच खरी. इंटरनेटवर डेटा पाठवायच्या दोन मुख्य पद्धती: टीसीपी, जी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवते, आणि यूडीपी, जी पाठवत नाही. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. तुमचा माणूस क्लायंटच्या ऑफिसात किंवा अशा हॉटेलात बसला, जिथे बाहेर जायला टीसीपीचे ८० आणि ४४३ एवढेच (वेबसाइटसाठीचे) पोर्ट उघडे आहेत, की वायरगार्ड गप्प. एररही नाही, हँडशेक होतच नाही. ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर ठेवता येतं. टीसीपीच्या पोटात टीसीपी गेल्याने हरवलेलं पॅकेट दोन्ही थर पुन्हा पाठवू बघतात आणि लाइन खराब असेल तर ते रडतखडत चालतं. पण चालतं, आणि महिनाअखेरीला तेवढंच हवं असतं.

आता मुख्य मुद्दा. वायरगार्डला ‘युजर’ ठाऊक नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे एक पब्लिक की आणि तिला नेमून दिलेला आयपी. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. माणूस काढायचा तर कॉन्फिग फाइलमधला त्याचा पीअर ब्लॉक (त्याच्या कीची नोंद) खोडा, संपलं. हे सोपं आहे, पण कुठली की कुणाची हे लिहून ठेवलं असेल तरच. एका ठिकाणी मी कॉन्फिग फाइल उघडली तेव्हा तीसेक पीअर होते आणि नावाची कमेंट जेमतेम दहा-बारांवर. त्यातल्या दोन बेनामी किल्ल्यांचा शेवटचा हँडशेक त्याच दिवशी सकाळचा होता. कोण आत होतं, हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. शिवाय लोक एकच फाइल लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर टाकतात. मग सर्व्हर कधी एकाला उत्तर देतो, कधी दुसऱ्याला, आणि तक्रार येते ती ‘नेट स्लो आहे’ अशी.

ओपनव्हीपीएन एलडॅप किंवा रेडियसला, म्हणजे ऑफिसच्या लॉगिन खात्यांच्या यादीला जोडता येतं. एचआरने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं (मायक्रोसॉफ्टची अशी यादी) खातं बंद करवलं की व्हीपीएनचा लॉगिनही बंद. कोण किती वाजता आलं, हे लॉगमध्ये नावासकट मिळतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. वायरगार्ड स्वतः अशी नोंद ठेवत नाही, ती फायरवॉलवर वेगळी जमवावी लागते.

मात्र ओपनव्हीपीएनमध्ये सर्टिफिकेटचा (सर्व्हर आणि माणसांच्या डिजिटल ओळखपत्रांचा) संसार सांभाळावा लागतो. त्यातला सगळ्यात वाईट खड्डा सीआरएलचा. सर्टिफिकेटं बनवणारं ईझी-आरएसए हे टूल रद्द सर्टिफिकेटांची जी यादी, म्हणजे सीआरएल, बनवतं, तिची मुदत ठरवून दिली नाही तर १८० दिवस असते. ती उलटली की ओपनव्हीपीएन सगळ्यांनाच बाहेर ठेवतं, ज्यांची सर्टिफिकेटं धडधाकट आहेत त्यांनाही. सर्व्हर चालू, पोर्ट उघडा, आणि सकाळी साडेनऊला चाळीस फोन. यादी दरमहा नव्याने बनवणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पहिल्याच दिवशी लावा.

विंडोजवर अ‍ॅडमिन हक्क नसलेल्या युजरला ओपनव्हीपीएनचं अ‍ॅप नीट चालवता येतं. वायरगार्डसाठी रजिस्ट्रीत एक बदल करून त्याला नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स ग्रुपमध्ये घालावं लागतं.

दोन ऑफिसं जोडायची असतील तर डोळे झाकून वायरगार्ड. एका बाजूला पब्लिक आयपी हवा, सीजीनॅटमागच्या (जिथे कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते) बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, म्हणजे रस्ता उघडा ठेवणारं पॅकेट, दर २५ सेकंदांनी. दहा-पंधरा ओळखीची माणसं असतील तरी वायरगार्डच, पण किल्ल्यांची वही ठेवून. चाळीस माणसं, दर महिन्याला कुणी येतंय कुणी जातंय, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे, तर ओपनव्हीपीएन. दोन्ही एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी नांदतात. अ‍ॅडमिनसाठी वायरगार्ड आणि बाकीच्यांसाठी ओपनव्हीपीएन अशी वाटणी मी आनंदाने करतो.

काहीही घ्या, पण आधी ऑफिसचं १९२.१६८.१.० हे नेटवर्क बदला. निम्म्या घरांतल्या राउटरवर तेच असतं, आणि मग लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो.