अय्यंगार लावू की अष्टांग? माझा दोन्हीकडचा हिशोब

"योगाचा क्लास लावायचाय, कुठला लावू?" ऑफिसात महिन्याभरात तिघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकते. मी अय्यंगार चार वर्षं केलं आणि अष्टांग विन्यास दीड वर्ष, बाकीचं नुसतं डोकावून आलेय.

गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच, म्हैसूरचे योगगुरू कृष्णमाचार्य. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस, म्हणजे अष्टांगवाले, म्हैसुरातच शिकवत राहिले, आणि बी.के.एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले ते इथलेच झाले, १९७५ ला मॉडेल कॉलनीत त्यांची इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण दोन्ही क्लासला जाऊन बघा, भावंडं वाटणारच नाहीत.

अय्यंगारमध्ये घाम कमी आणि डोक्याला काम जास्त. साधं त्रिकोणासन घ्या, पायात अंतर किती, मागचा पंजा किती आत, गुडघ्याची वाटी वर खेचली का, एवढ्यातच पाच मिनिटं जातात. माझा हात काही जमिनीला टेकेना, तर मॅडमनी तळव्याखाली लाकडी वीट सरकवली आणि इतका वेळ पुढे पडणारी छाती एकदम मोकळी झाली, तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं नुसतेच वाकत होतो. पट्टे, लोड, खुर्च्या, भिंतीचे दोर, सगळं त्यासाठीच. पहिल्या महिन्यात मात्र वाटतं की पैसे देऊन उभंच राहतोय, आणि प्राणायामाला तर लवकर हातही लावू देत नाहीत.

अष्टांगचा क्रम ठरलेला. सूर्यनमस्कार अ, मग ब, मग उभी आसनं, मग बैठी, बहुतेक आसनांत पाच श्वास. आठवड्याचे सहा दिवस, अमावस्या-पौर्णिमेला सुट्टी. अर्ध्या तासात टीशर्ट पिळून काढावा लागतो, आणि झोप काय लागते म्हणून सांगू! पण चतुरंग दंडासन (कोपरं दुमडून अंग जमिनीला समांतर तोलून धरायचं ते) दर फेरीत येतं आणि कोपर बाहेर गेलं की खांद्याची वाट. मी गेले तिथे तीस जणांची बॅच, माझ्या कोपराकडे कोणी बघितलंच नाही, दोन महिने केस बांधता येईनात. म्हणून जायचंच तर म्हैसूर पद्धतीच्या बॅचला जा, तिथे प्रत्येक जण आपापल्या गतीने करतो आणि आधीचं जमलं की शिक्षक पुढचं आसन देतात.

हॉट योगात खोली चाळीस डिग्रीला तापवून २६ आसनं करतात. विदर्भातल्यांनी मे महिन्यात त्याचे वेगळे पैसे का द्यावेत मला कळत नाही. आईबाबांसाठी विचारत असाल तर लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था बघा, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ ला काढलेली, तिथे घाईगडबड नाही.

कंबर-गुडघे बोलायला लागले असतील तर डोळे मिटून अय्यंगार. पंचविशीत आहात, पळता, एका जागी बसवत नाही, तर अष्टांग. ट्रायलला गेलात की जुनं दुखणं आधी विचारतात का तेवढं बघा, नाही विचारलं तर फी भरू नका.

मी सध्या परत अय्यंगारला आहे. रविवारी घरी गुपचूप सूर्यनमस्कार ब घालते, खांदा कुरकुरत नसेल तर.