विल्बर : दिसायला जुनाट, पण पाण्याचं बरोबर कळतं त्याला

आमच्या शनिवारच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रुपसाठी नकाशावर एक अख्खं काल्पनिक बेट करायचं होतं. मागच्या वेळी मी हाताने काढलेले डोंगर बघून एकजण म्हणाला की शेंगदाण्याचे लाडू मांडून ठेवलेत, ते लागलंच जरा, म्हणून यावेळी हाइटमॅपवर बसले. हाइटमॅप म्हणजे साधं काळं-पांढरं चित्र, जितका पिक्सेल पांढरा तितकी ती जागा उंच, बस.

विल्बर म्हणजे असे हाइटमॅप घडवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि उघडलं की वीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं, नुसते मेनूच मेनू. मी जिम्प या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बेटाचा आकार काढला, इकडे आणून किनाऱ्यापासून आत उंची चढवत नेली, वर थोडा नॉइज, म्हणजे कसाही विखुरलेला उंचसखलपणा, टाकला. इथपर्यंत सुरकुतलेली गोधडी दिसते, डोंगर नाही. खरी मजा इरोजनमध्ये, म्हणजे जमिनीची झीज करण्यात आहे. प्रेसिपिटॉन नावाचा फिल्टर थेंब थेंब पाऊस पाडतो, थेंब उताराने घरंगळताना माती खरवडत जातो. आणि इन्साइज फ्लो नावाचा फिल्टर, वरच्या बाजूने किती पाणी जमा होतंय ते धरून दऱ्या कोरतो.

पण मी घाईत त्याच्या आधीचं फिल बेसिन्स केलंच नाही, मग काय, सगळ्या नद्या दोन बोटं वाहून खड्ड्यात गडप. फिल बेसिन्स प्रत्येक खड्डा काठापर्यंत भरतं म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ते करून परत इन्साइज फ्लो चालवला आणि पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या नद्या उमटल्या, खरंच दोन मिनिटं नुसती बघत बसले. अमाउंट कमी ठेवून तीन-चारदा चालवा, एकदम जोरात केलं तर दऱ्या सुरीने कापल्यासारख्या दिसतात.

सेव्ह करताना १६ बिट घ्या हं. मी ८ बिट केलं, त्यात उंचीच्या पायऱ्या फक्त २५६, म्हणजे २००० मीटरच्या डोंगराला दर आठेक मीटरला एक पायरी, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अगदी भातखाचरं दिसत होती. १६ बिटमध्ये ६५,५३६ मिळतात. भाऊ म्हणे राहू दे, सह्याद्री म्हणून खपव. तसं आपला सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचाच आहे, लाव्हाचे थर एकावर एक, या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळात स्वीडिशमधल्या जिन्यावरून आलाय. पण ते थर कमीजास्त जाड, कठीण-मऊ असतात, आणि मी जसं वापरलं त्यात सगळा दगड एकाच जातीचा, त्यामुळे लोहगडासारखा ताठ कडा काही येत नाही.

झटपट देश, सीमा, गावांची नावं हवी असतील तर ब्राउझरमधलं अझगारचं फॅन्टसी मॅप जनरेटर बरं, तिथे इतका घाम गाळावा लागत नाही. मला मात्र नद्या हव्या होत्या. मुख्य डोंगररांग पश्चिम किनाऱ्याजवळ ठेवली, बाकी जमीन पूर्वेला हलकी कलती केली, आणि मोठी नदी आपोआप समुद्राकडे पाठ करून निघाली. शनिवारी लाडूवाल्याने पहिला प्रश्न तोच विचारला, की समुद्र इतका जवळ असून ही उलटी का चाललीये? म्हटलं, महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर असेल, तरी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर तुडवत बंगालच्या उपसागरात जाते, तिला विचार.

कडे तेवढे आता हाताने रंगवतेय.