चंदनाचा हार, आरसा आणि पडद्यामागची तपासणी

प्रभादेवीतील एका सभागृहात महिला बचत गटांसाठी भरवलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जनजागृती शिबिराला मी गेले होते. संस्थेचे नाव देत नाही, कारण याच साच्याचे कार्यक्रम हल्ली मुंबईभर होतात. दारातच चंदनाचा हार घातलेली मोठी फ्रेम ठेवली होती आणि तिच्यात फोटोऐवजी आरसा होता. येणारी प्रत्येक बाई हारातला स्वतःचाच चेहरा पाहून नोंदणीच्या टेबलाशी पोहोचत होती. कल्पना लक्ष वेधून घेते, यात वाद नाही आणि संयोजकही तिच्यावर खूश दिसले. माझ्या मते मात्र ती शिबिराच्या मुळावरच उठली.

धक्का देणे मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा किंवा चित्रपटगृहात पूर्वी दाखवली जाणारी मुकेशची तंबाखूविरोधी जाहिरात अंगावर येते. पण तिथे जे दाखवले ते खरे असते आणि पाहणाऱ्याने काय करायचे, म्हणजे व्यसन सोडायचे, हेही स्वच्छ कळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. इथे बाईने काही सोडण्यापेक्षा, कसलाही त्रास होत नसताना आणि लाज बाजूला ठेवून, तपासणीला येणे महत्त्वाचे असते. घाबरलेली बाई नेमके तेच टाळते. माझ्या शेजारच्या काकू व्याख्यान अर्ध्यावर सोडून उठल्या. ‘‘काही निघालं तर घरी काय सांगू? नकोच ती भानगड,’’ म्हणाल्या आणि गेल्या.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे यांचे याच आजाराने निधन झाल्याची बातमी त्यांच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून पसरवली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्या जिवंत असल्याचे जाहीर झाले. चर्चा झाली, असे समर्थन तेव्हा केले गेले. पण आदल्याच दिवशी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या या आजाराविरुद्धच्या लसीकरणाचा उल्लेख झाला होता, म्हणजे चर्चेला खरे निमित्त आयते हाताशी होते. ज्या घरातून या आजाराने खरोखरच बाई गेली, त्या घराला ती खोटी बातमी कशी वाटली असेल, याचा हिशेब कुणीच मांडला नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर उत्तर याच शहरात सापडले आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात एका गटाला केवळ माहिती दिली गेली, तर दुसऱ्या गटाची माहितीबरोबरच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणीही केली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. पहिल्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो मला गैरलागू वाटत नाही. जागृती आणि तपासणी यांतला फरक मात्र त्या आकड्यात उघड दिसतो.

गंमत म्हणजे प्रभादेवीच्या शिबिरात पडद्यामागे तीच तपासणी उत्तम चालली होती. परिचारिका प्रत्येकीला आधी साधने दाखवत होती, ‘‘ताई, व्हिनेगरसारखं पातळ औषध लावते, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे बघू, डाग म्हणजे कॅन्सर नव्हे,’’ असे शांतपणे सांगत होती. तिला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. हेच शब्द आरशाच्या जागी दारात लावले असते, तर काकू बहुधा थांबल्या असत्या. डाग दिसलेल्यांच्या हाती मात्र ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ एवढाच छापील कागद पडत होता. परळचे टाटा रुग्णालय तिथून फार लांब नसताना कुठे, कोणत्या वारी आणि कोणाला भेटायचे, याचा त्यावर पत्ता नव्हता.

तपासणीसाठी जरूर जावे, मोफत आहे आणि नीट होते. व्याख्यान चुकले तरी चालेल. नोंदणी करतानाच पुढच्या रुग्णालयाचे नाव आणि वार मागून घ्यावा, आणि सोबत आई किंवा सासूबाई असतील तर त्यांना बाजूच्या दाराने आत न्यावे.