पाळीचे दुखणे आणि नव्वद दिवसांची हमी

भुजंगासन, मार्जरासन आणि मत्स्यासन मी आजही करते आणि त्यांनी कंबर व ओटीपोट सैल पडते, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे योगाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती "तीन पाळ्यांत वेदना समूळ नाहीशा, अन्यथा सर्व पैसे परत" अशी हमी देणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाविरुद्ध.

वर्ग थेट चालतो, असे सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की शवासन सुरू होताच बाईंच्या दारावरची घंटा रोज वाजते आणि "तिकडे दुर्लक्ष करा, श्वास पाहा" हे वाक्यही रोज त्याच सुरात येते. तेव्हाच सोडायला हवे होते, पण एकदा पैसे भरले की आपण स्वतःचीच समजूत घालत राहतो.

खरे नुकसान वेदनाशामक गोळी बंद केल्याने झाले. गर्भाशयाच्या अस्तरातील प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावते आणि मेफेनामिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन त्याचीच निर्मिती रोखते, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. वर्गात मात्र गोळीने "शुद्धी अडते" असे सांगत. दुखणे वाढल्याचे कळवले, तर "विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, हे शुभलक्षण आहे" असे उत्तर आले आणि सोबत वेगळे शुल्क असलेल्या 'प्रगत' वर्गाची जाहिरात.

पाळीचे नेहमीचे दुखणे बहुधा रक्तस्रावाबरोबर सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ओसरते. माझे चार दिवस आधीच सुरू होई आणि शौचाच्या वेळी अशी कळ येई की भिंतीला हात टेकून उभे राहावे लागे. अखेर सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ दिसली. हा एंडोमेट्रिओसिस होता : गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि तो आसनांनी बरा होत नाही. त्यांनी फार तर दुखणे सुसह्य होते.

पैसे परत मागताना हमीची अट प्रथमच नीट वाचली : ९० दिवस एकही खंड न पाडता सराव. त्याच वर्गाच्या नियमावलीत पाळीचे पहिले दोन दिवस आसने वर्ज्य होती. ही विसंगती मी सविस्तर लिहून कळवली. दोन ओळींचे उत्तर आले : आपल्या सरावात सहा दिवसांचा खंड आढळल्यामुळे आपण परताव्यास पात्र नाही.